सहआरोपीचा कबुलीजबाब: फसवणुकीच्या अपिलात त्याचे मोल किती?

संघटित फसवणुकीच्या गुन्ह्यात आरोपी सहसा एकटा नसतो. योजना आखणारा एक, जागा आणि यंत्रे पुरवणारा दुसरा, फोनवर बोलणारे अनेक आणि पैसा फिरवणारे आणखी काही, अशी कामाची विभागणी तेथे असते. त्यामुळे तपास सुरू होताच कोणीतरी एक जण बोलू लागतो, स्वतःचा वाटा कबूल करतो आणि त्याच ओघात इतरांची नावे घेतो. पोलिसांत एकाने नाव घेतले की दुसरा अडकला, असा समज समाजात खोलवर रुजलेला आहे. वृत्तपत्रांतील बातम्या आणि वाड्या-वसाहतींतील चर्चा तोच समज पक्का करतात. भारतीय पुरावा कायद्याची भूमिका मात्र गेल्या शतकाहून अधिक काळ याच्या नेमकी उलट राहिली आहे. सहआरोपीचा कबुलीजबाब हा दुसऱ्याला दोषी ठरवण्याचा पाया होऊ शकत नाही, तो फार तर अन्य पुराव्यावर आधीच उभ्या राहिलेल्या निष्कर्षाला बळकटी देऊ शकतो. आणि खालच्या न्यायालयाने हा क्रम पाळला की नाही, हे तपासण्याची जागा म्हणजे अपील होय.

मीरा-भाईंदरच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. 4 ऑक्टोबर 2016 च्या रात्री ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेण्यात आले आणि सुमारे 70 जणांना अटक झाली. येथून अमेरिकेतील नागरिकांना फोन केले जात, आपण तेथील करखात्याचे अधिकारी आहोत असे भासवले जाई आणि थकीत कर ताबडतोब भरला नाही तर अटक होईल अशी धमकी देऊन पैसे उकळले जात, असा तपास यंत्रणेचा आरोप होता. या जाळ्याचा सूत्रधार म्हणून पोलिसांनी ज्याचे नाव पुढे आणले, तो सागर ठक्कर ऊर्फ शॅगी छाप्यानंतर देशाबाहेर होता आणि एप्रिल 2017 मध्ये परतताना मुंबई विमानतळावर पकडला गेला.

शेकडो कर्मचारी, त्यांच्यावरचे काही पर्यवेक्षक, मोजके चालक आणि फरार सूत्रधार अशी रचना असलेल्या प्रकरणात सहआरोपीच्या कबुलीचा प्रश्न अटळपणे उभा राहतो, कारण फसवणुकीच्या गुन्ह्याचा गाभा कृतीइतकाच मनात असतो. एखाद्या तरुणाने फोन केला हे ध्वनिमुद्रणाने सिद्ध होऊ शकते. परंतु आपण ज्याला फोन करत आहोत त्याच्याकडे कोणताही कर थकलेला नाही आणि आपण खोटे बोलत आहोत, याची त्याला जाणीव होती हेही सरकार पक्षाला सिद्ध करावे लागते. अप्रामाणिक हेतूवाचून फसवणूक होत नाही. मनातील जाणिवेचा थेट पुरावा दुर्मीळ असतो, आणि म्हणूनच ‘सगळ्यांना सगळे ठाऊक होते’ असे सांगणाऱ्या एका सहआरोपीचा जबाब तपास अधिकाऱ्याला आणि कधीकधी न्यायालयालाही फार मोलाचा वाटू लागतो. धोका नेमका येथेच आहे.

कबुली कोणापुढे?

कबुलीजबाब म्हणजे ज्यात आरोपी आपण गुन्हा केल्याचे किंवा गुन्हा ठरवणारी सर्व महत्त्वाची तथ्ये स्पष्टपणे मान्य करतो असे विधान. केवळ संशय वाढवणारी मान्यता वेगळी आणि गुन्ह्याची कबुली वेगळी. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 25 नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नव्हता, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये तोच नियम कायम आहे. कोठडीत मारहाण करून, आमिष दाखवून किंवा घरच्यांना त्रास देण्याची भीती घालून कबुली मिळवली जाऊ शकते, हा एकोणिसाव्या शतकातील कटू अनुभव या नियमामागे आहे. याला एक मर्यादित अपवाद आहे. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू किंवा तथ्य उघडकीस आले, तर त्या शोधाशी थेट संबंधित असलेला माहितीचा तेवढाच भाग स्वीकारला जातो. महाराष्ट्रातील न्यायालयांत ज्याला निवेदन पंचनामा म्हणतात, तो याच तरतुदीखाली होतो. आरोपीने दडवून ठेवलेला लॅपटॉप काढून दिला तर लॅपटॉप दडवल्याची त्याची माहिती ग्राह्य ठरते, परंतु ‘माझ्याबरोबर आणखी दहा जण होते’ हे त्याच श्वासात उच्चारलेले वाक्य ग्राह्य ठरत नाही.

म्हणजेच वाचकाला बातमीत आढळणारे ‘आरोपीने पोलिसांना सांगितले’ हे विधान खटल्यात पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी असते. तपासाची दिशा ठरवण्यासाठी पोलीस त्याचा उपयोग करू शकतात, त्या नावावरून बँक खाते शोधू शकतात, फोनचे तपशील मागवू शकतात. पण शिक्षा त्यावर उभी राहू शकत नाही. सर्वसाधारण कायद्यानुसार उपयोगी पडणारा कबुलीजबाब सहसा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवलेला असतो. तो नोंदवण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याने आरोपीला दोन गोष्टी समजावून सांगणे बंधनकारक आहे: कबुली देण्याची सक्ती त्याच्यावर नाही, आणि दिल्यास ती त्याच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. आरोपी स्वेच्छेने बोलत आहे अशी प्रश्न विचारून खात्री पटल्यावरच ती नोंद होते आणि तसे प्रमाणपत्र जबाबाखाली लिहावे लागते. ही औपचारिकता नाही. अपिलात बचाव पक्षाचा पहिला प्रश्न बहुधा याच प्रमाणपत्राविषयी असतो.

दुसऱ्याविरुद्ध उपयोग: कायद्याच्या अटी

एकाची कबुली दुसऱ्याविरुद्ध वापरण्याची मुभा जुन्या कायद्याच्या कलम 30 मध्ये होती आणि ती आता नव्या अधिनियमाच्या कलम 24 मध्ये आहे. या तरतुदीच्या अटी काटेकोर आहेत. दोघांवर एकाच अपराधासाठी एकत्र खटला चाललेला असला पाहिजे, कबुली कायद्याने ग्राह्य असून सिद्ध झालेली असली पाहिजे, आणि ती देणाऱ्याने इतरांबरोबर स्वतःलाही गुन्ह्यात गोवलेले असले पाहिजे. शेवटची अट तर्काला धरून आहे. माणूस स्वतःच्या मानेवर दोर ओढून घेतो तेव्हा तो बहुधा खरे बोलत असावा, या अनुमानावर ही तरतूद उभी आहे. स्वतः बाजूला राहून सारा दोष दुसऱ्यावर ढकलणाऱ्याच्या बाबतीत ते अनुमानच नाहीसे होते. ‘मी फक्त संगणक दुरुस्त करत होतो, फसवणूक ते लोक करत होते’ असे सांगणारा जबाब या कायद्याच्या अर्थाने कबुलीच नव्हे.

ठाणे जिल्ह्याशी संबंधित एका प्रकरणात या अटींचा कस लागला होता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील 1992 च्या गोळीबारासंबंधीच्या खटल्यात उल्हासनगरचे राजकीय नेते सुरेश ऊर्फ पप्पू कलानी यांच्याविरुद्ध सहआरोपींच्या जबाबांचा आधार घेतला जात होता. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये स्पष्ट केले की ज्याच्याबरोबर एकत्र खटला चालणारच नाही अशा व्यक्तीची कबुली, तसेच स्वतःला निर्दोष दाखवणारे विधान, सहआरोपीविरुद्ध वापरता येत नाही. आणि कलानी यांना त्या खटल्यातून मुक्त केले. गुन्हा कितीही गंभीर असला तरी अटी सैल होत नाहीत, हा त्या निर्णयाचा अर्थ आहे.

एकत्र खटल्याच्या अटीतून आर्थिक गुन्ह्यांत वारंवार उद्भवणारा आणखी एक प्रश्न सुटतो. एखाद्या आरोपीने आरोपपत्र वाचून दाखवताच गुन्हा मान्य केला आणि त्यावरून त्याला लगेच शिक्षा झाली, तर त्यानंतर तो इतरांबरोबर खटल्याला सामोरा जात नाही. त्यामुळे त्याने दिलेली मान्यता उरलेल्यांविरुद्ध वापरण्याचा मार्ग बंद होतो. बनावट मुद्रांक घोटाळ्यात अब्दुल करीम तेलगी याने पुण्याच्या विशेष न्यायालयापुढे गुन्हा कबूल केला आणि 2007 मध्ये त्याला 13 वर्षे सक्तमजुरी व 202 कोटी रुपये दंड अशी शिक्षा झाली. अशी कबुली स्वतः तेलगीपुरती निर्णायक होती. दुसऱ्या कोणाचा दोष ठरवायचा तर सरकार पक्षाला स्वतंत्र पुरावाच उभा करावा लागतो.

नव्या अधिनियमाने मात्र एका बाबतीत दार थोडे अधिक उघडले आहे. फरार असलेल्या किंवा न्यायालयाच्या उद्घोषणेनंतरही हजर न झालेल्या आरोपीच्या गैरहजेरीत अनेकांवर चाललेला खटला हा या कलमापुरता एकत्र खटला मानला जाईल, असे स्पष्टीकरण त्यात जोडले आहे. सूत्रधार परदेशात निघून जातो आणि फोन उचलणारे कर्मचारी तेवढे कठड्यात उभे राहतात, अशा प्रकरणांत या स्पष्टीकरणाचे महत्त्व वाढत जाणार आहे. 1 जुलै 2024 पूर्वीपासून चालू असलेल्या खटल्यांना आणि अपिलांना मात्र जुनाच कायदा लागू राहतो.

चार न्यायमूर्तींची परंपरा

कायद्याने न्यायालयाला अशी कबुली ‘विचारात घेण्याची’ मुभा दिली, पण ती कितपत आणि कोणत्या टप्प्यावर विचारात घ्यायची हे कलमात लिहिलेले नाही. ते न्यायालयांनी ठरवले, आणि त्या परंपरेत महाराष्ट्राशी नाते असलेल्या न्यायमूर्तींचा वाटा मोठा आहे. 1899 ते 1908 या काळात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले सर लॉरेन्स जेंकिन्स पुढे कलकत्त्याला गेले आणि तेथे 1911 मध्ये ललितमोहन चक्रवर्ती प्रकरणात त्यांनी सांगितले की अशा कबुलीचा उपयोग केवळ अन्य पुराव्याला खात्री देण्यापुरता आहे. मुंबईचेच माजी मुख्य न्यायमूर्ती सर जॉन बोमाँट यांनी 1949 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये भुबोनी साहू प्रकरणाचा निर्णय देताना या पुराव्याच्या दुबळेपणाची कारणे मांडली: तो शपथेवर दिलेला नसतो, ज्याच्याविरुद्ध वापरायचा त्याच्यासमोर दिलेला नसतो, आणि उलटतपासणीने त्याची पारख करता येत नाही.

तिसरे नाव नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्या. व्हिव्हियन बोस यांचे. आज महाराष्ट्रात आणि तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या गोंदिया येथील पाच वर्षांच्या मुलाच्या खुनाचे कश्मिरा सिंग प्रकरण 1952 मध्ये त्यांच्यापुढे आले. सहआरोपीने सविस्तर कबुली देऊन कश्मिरा सिंग याला खुनात गोवले होते आणि त्याला मृत्युदंड झालेला होता. न्या. बोस यांनी सांगितलेली पद्धत आजही अभ्यासली जाते. न्यायाधीशाने प्रथम सहआरोपीची कबुली पूर्णपणे बाजूला ठेवावी, उरलेला पुरावा मांडावा, आणि तो खरा धरल्यास त्यावर दोषसिद्धी सुरक्षितपणे आधारता येईल का हे पाहावे. येत असेल तर कबुलीची गरजच उरत नाही. कधी असे होते की उरलेला पुरावा शिक्षेला पुरेसा असतो, तरी त्यावर विश्वास ठेवताना न्यायाधीशाचे मन किंचित कचरते. अशा वेळी तो कबुलीकडे वळून मनाची खात्री करून घेऊ शकतो. या कसोटीवर कश्मिरा सिंगची खुनाबद्दलची शिक्षा टिकली नाही.

चौथे नाव साताऱ्याचे सुपुत्र, भारताचे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे. 1964 मध्ये हरिचरण कुर्मी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाच्या वतीने त्यांनी हा नियम अंतिम रूपात मांडला. सहआरोपीची कबुली ही पुरावा कायद्याच्या व्याख्येतील ‘पुरावा’ नव्हेच, ती विचारात घेता येण्याजोगी एक बाब आहे. म्हणून न्यायालयाने तिच्यापासून सुरुवात करून मग पुष्टी शोधायची नसते, तर अन्य पुराव्यापासून सुरुवात करून शेवटी तिच्याकडे पाहायचे असते. पाटणा उच्च न्यायालयाने उलट्या क्रमाने विचार केला होता आणि घटनापीठाने अपील मान्य केले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, या तत्त्वाची आठवणही त्या निर्णयाने करून दिली.

येथे माफीच्या साक्षीदाराशी होणारी गल्लत दूर केली पाहिजे. गुन्ह्यात सहभागी असलेल्या व्यक्तीला, संपूर्ण सत्य सांगण्याच्या अटीवर, न्यायालय माफी देते तेव्हा ती व्यक्ती आरोपी न राहता साक्षीदार होते, शपथेवर साक्ष देते आणि उलटतपासणीला सामोरी जाते. तिची साक्ष हा पुरावा असतो आणि तिला महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी शोधली जाते. आरोपीच्या पिंजऱ्यातच राहून कबुली देणाऱ्याला मात्र दुसऱ्या आरोपीचा वकील एकही प्रश्न विचारू शकत नाही. तपास यंत्रणेला आतल्या माणसाचे सांगणे खरोखरच महत्त्वाचे वाटत असेल, तर त्याला माफीचा साक्षीदार करून न्यायालयासमोर उभे करण्याचा सरळ मार्ग कायद्याने दिलेला आहे.

फसवणुकीत स्वतंत्र पुरावा कोणता?

कबुली बाजूला ठेवल्यावर आर्थिक गुन्ह्यात हाती काय उरते, असा प्रश्न वाचकाला पडेल. वस्तुतः बरेच काही उरते, कारण पैसा आणि संगणक दोघेही आपल्या मागे खुणा ठेवतात. कॉल सेंटरच्या प्रकारात फोनवर वाचायची तयार संहिता, ध्वनिमुद्रणे, संगणकातील ग्राहकांच्या याद्या, पगार आणि बक्षिसाच्या रकमेच्या नोंदी, मोबाइलवरील संदेश आणि पैशाचा प्रवास दाखवणारी बँक खाती हा सारा स्वतंत्र पुरावा आहे. एखाद्या पर्यवेक्षकाने नव्या मुलांना खोटे नाव घेऊन बोलण्याच्या लेखी सूचना दिल्या असतील, तर त्याची जाणीव सिद्ध करायला दुसऱ्या कोणाच्या कबुलीची आवश्यकता नाही.

अशा संदेशांच्या बाबतीत कायदा कटाच्या पुराव्याची आणखी एक वाट देतो. अनेकांनी मिळून कट केला होता असे मानण्यास वाजवी आधार असेल, तर कट चालू असताना त्यांपैकी एकाने समान हेतूला अनुसरून बोललेली, लिहिलेली किंवा केलेली गोष्ट इतरांविरुद्धही ग्राह्य ठरते. परंतु ही तरतूद कट जिवंत असेपर्यंतच लागू होते. मिर्झा अकबर प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने 1940 मध्ये ही मर्यादा घालून दिली. अटकेनंतर दिलेली कबुली म्हणजे कट पुढे नेणारी कृती नव्हे, झाल्या प्रकाराचे कथन होय. म्हणून छाप्यापूर्वीच्या एका साध्या संदेशाचे मोल छाप्यानंतरच्या वीस पानी कबुलीपेक्षा अधिक असू शकते.

हा पुरावा नियमाने सादर झाला पाहिजे, ही त्याची दुसरी बाजू. जालना येथील निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवले की मूळ उपकरण न्यायालयात न आणता त्यातील नोंदीची प्रत दाखल करायची असेल, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र सोबत असणे अनिवार्य आहे. हार्ड डिस्कची प्रत आहे पण प्रमाणपत्र नाही, अशा स्थितीत तपास यंत्रणेची मेहनत वाया जाते आणि खटला पुन्हा कबुलीच्या आधाराकडे घसरू लागतो. हिशेबाच्या वह्यांचेही तसेच आहे. जैन हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये सांगितले की सुट्या कागदांना हिशेबाची पुस्तके म्हणता येत नाही, आणि पुस्तकांतील नोंदी असल्या तरी केवळ त्यांच्या बळावर दुसऱ्यावर दायित्व लादता येत नाही.

विशेष कायदे आणि त्यांची कसोटी

पोलिसांपुढील कबुलीला मज्जाव करणाऱ्या सर्वसाधारण नियमाला महाराष्ट्रात एक ठळक अपवाद आहे. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, 1999, म्हणजेच मोक्का, याच्या कलम 18 नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब तो देणाऱ्याविरुद्ध आणि त्याच खटल्यात एकत्र उभ्या असलेल्या सहआरोपीविरुद्धही ग्राह्य ठरतो. तेलगी प्रकरणात हाच कायदा लावला गेला होता. अशी कबुली सर्वसाधारण कायद्यातील कबुलीपेक्षा अधिक वजनाची मानली गेली असली, तरी ती स्वेच्छेची आणि सत्य असल्याची खात्री पटवण्याचा भार हलका होत नाही, आणि सहआरोपीच्या बाबतीत पुष्टी शोधण्याचा सावधपणाही सुटत नाही.

याची तीव्र आठवण मीरा-भाईंदरला अलीकडेच झाली. 11 जुलै 2006 रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत झालेल्या सात स्फोटांपैकी एक मीरा रोड आणि भाईंदर या स्थानकांदरम्यान झाला होता. हा खटला फसवणुकीचा नव्हता, परंतु त्यातील दोषसिद्धीत मोक्काखालील कबुलीजबाबांचा वाटा मोठा होता. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवून त्यांपैकी 5 जणांना मृत्युदंड दिला. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने सर्वांची शिक्षा रद्द केली. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत आणि ते छळ करून मिळवल्याचे आरोपींचे म्हणणे डावलता येत नाही, असा त्या निर्णयाचा एक मुख्य निष्कर्ष होता. सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच हा निर्णय अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. अंतिम निवाडा काहीही होवो, एक गोष्ट स्पष्ट आहे: कबुलीवर विसंबलेला खटला अपिलात कोसळतो तेव्हा पीडितांच्या कुटुंबांना एकोणीस वर्षांनंतरही पुन्हा आरंभबिंदूवर उभे राहावे लागते.

सक्तवसुली संचालनालयाचे अधिकारी नोंदवतात त्या जबाबांबाबत कायद्याची वाट वेगळी आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये विजय मदनलाल चौधरी प्रकरणात ते पोलीस अधिकारी नसल्याचे म्हटले. तरीही 2024 च्या प्रेम प्रकाश प्रकरणात त्याच न्यायालयाने कोठडीतील आरोपीचा असा जबाब त्याच्याविरुद्ध ग्राह्य धरण्यास नकार दिला, आणि सहआरोपीचे विधान हा मूलभूत पुरावा नव्हे, सरकार पक्षाने आधी अन्य पुरावा मांडला पाहिजे, हे गोंदियाच्या प्रकरणापासून चालत आलेले सूत्र आर्थिक गुन्ह्यालाही लागू केले.

अमेरिकेतही ही चिंता अनोळखी नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1968 च्या ब्रुटन प्रकरणात ठरवले की एकत्र खटल्यात साक्षीला उभा न राहणाऱ्या सहआरोपीची, दुसऱ्याचे नाव घेणारी कबुली ज्यूरीपुढे येऊ दिली तर दुसऱ्या आरोपीचा उलटतपासणीचा घटनात्मक हक्क हिरावला जातो, आणि ‘ही कबुली त्याच्याविरुद्ध धरू नका’ अशी न्यायाधीशाची सूचना त्यावर पुरेसा उपाय नाही. भारतात ज्यूरी नाही, निर्णय प्रशिक्षित न्यायाधीश देतो आणि त्याची कारणे लिहून देतो. म्हणून येथे कबुली वाचण्यास बंदी न घालता ती केव्हा वाचायची हे ठरवून दिले आहे. मार्ग निराळे असले तरी भीती एकच आहे.

अपिलात काय तपासले जाते

फसवणुकीच्या खटल्यात न्यायदंडाधिकाऱ्याने शिक्षा दिल्यास अपील सत्र न्यायालयात, म्हणजे मीरा-भाईंदरच्या बाबतीत ठाण्याला, जाते, आणि सत्र न्यायालयाने शिक्षा दिल्यास मुंबई उच्च न्यायालयात जाते. हे पहिले अपील केवळ कायद्याच्या मुद्द्यापुरते नसते. अपील न्यायालय संपूर्ण पुरावा नव्याने वाचते आणि स्वतःचा निष्कर्ष काढते. सहआरोपीच्या कबुलीचा प्रश्न असेल तर ते ठरावीक बाबी पाहते: एकत्र खटला होता का, कबुली कोणी आणि कशी नोंदवली, ती पुढे मागे घेतली गेली का आणि त्याचे कारण काय, तिच्यात कबुली देणाऱ्याने स्वतःला खरोखर गोवले आहे का, आणि ती दुसऱ्या आरोपीला त्याच्या जबाबाच्या वेळी सांगून स्पष्टीकरणाची संधी दिली होती का. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेवटी येतो: कबुलीची पाने काढून ठेवली तर या विशिष्ट आरोपीविरुद्ध काय उरते?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक आरोपीसाठी वेगळे असू शकते. एकाच कॉल सेंटरमधील मालकाविरुद्ध बँक खाती आणि संदेश असतील, पर्यवेक्षकाविरुद्ध लेखी सूचना असतील, आणि आठवडाभरापूर्वी नोकरीला लागलेल्या मुलाविरुद्ध इतरांच्या सांगण्यावाचून काहीच नसेल. तर पहिल्या दोघांची शिक्षा कायम राहून तिसऱ्याची सुटका होणे हा विसंगत निकाल नव्हे, तोच न्याय आहे. त्याचबरोबर, अग्राह्य कबुली नोंदीत आली एवढ्यानेच शिक्षा आपोआप रद्द होत नाही. ती वगळूनही उरलेला पुरावा पुरेसा असेल तर निर्णय टिकतो, असे पुरावा कायदाच सांगतो. म्हणून अपील म्हणजे तांत्रिक चुकीवर सुटण्याची पळवाट, ही समजूत चुकीची आहे.

फसवल्या गेलेल्या सामान्य माणसाला हे सारे आरोपींच्या सोयीचे वाटण्याचा संभव आहे, आणि आयुष्याची पुंजी गमावलेल्याची ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु त्याचे खरे हित याच नियमात आहे. कबुलीवर उभारलेला खटला खालच्या न्यायालयात लवकर जिंकला जातो आणि वरच्या न्यायालयात हमखास डळमळतो; बँक नोंदी, प्रमाणित संगणकीय पुरावा आणि उलटतपासणीत टिकलेले साक्षीदार यांवर उभारलेला खटला मात्र अपिलातही उभा राहतो. म्हणून फसवणुकीला बळी पडलेल्या प्रत्येकाने पावत्या, संदेश, व्यवहारांचे क्रमांक आणि फोनवरील नोंदी जपून ठेवाव्यात आणि त्या तक्रारीबरोबरच तपास अधिकाऱ्याच्या हाती द्याव्यात, तपास यंत्रणेने पहिल्या कबुलीवर समाधान न मानता पैशाचा माग शेवटपर्यंत काढावा, आणि वाचकांनी कोणा एकाने नाव घेतले एवढ्यावरून दुसऱ्याला दोषी ठरवू नये.